सेनापतीची बायको

आमची नाटक कंपनी टॉकीजनं बुडवली असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं! टॉकीज त्यांना दिसते, तिकिटाची रांग दिसते. आमची कंपनी शामकांतनं बुडवली, आणि नगरात एकही टॉकीज नसती तरी त्यानं ती बुडवलीच असती. एवढी एकच गोष्ट तडीला न्यायची ताकद त्या माणसात होती.

मी रंगनाथ. वीसेक वर्षं या कंपनीची नायिका होतो. हसू नका. त्या काळी बायका रंगभूमीवर येत नसत, पुरुषच लुगडी नेसत. मी नेसलेलं लुगडं पाहून नेवाशाच्या चांगल्या घरच्या बायकांनी निरोप धाडले होते की खांद्यावरचा पदर एवढा नीट कसा राहतो ते सांगा. मग एक दिवस कंपनीचे मालक काकासाहेब म्हणाले, "रंगनाथ, आता लोकांना खऱ्या बायका पाहिजेत." खऱ्या बायका! माझं पोट सुटलं होतं आणि हनुवट्या दोन झाल्या होत्या, म्हणून मी वाद घातला नाही. काकासाहेबांनी माझ्या हाती नाटकाचं पुस्तक दिलं आणि विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभं केलं. माझ्या जागी जी खरी बाई आली ती प्रेमला, शामकांतची बायको. तिला बाईसारखं चालायला मी शिकवलं. खऱ्या बाया रंगभूमीवर बाजारात निघाल्यासारख्या चालतात, हे कोणी बोलत नाही.

शामकांत आमचा दुसऱ्या नंबरचा नट. उंच, सरळ नाकाचा, खर्जातल्या आवाजाचा. देवानं त्याला एवढं सगळं बाहेरून दिलं आणि मग कंटाळा आला असावा, कारण आत काहीच घातलं नाही. नाटकाचा अर्थ त्याला बायको सांगायची. कुठं थांबायचं, कुठं वळायचं, कुठल्या वाक्याला श्वास घ्यायचा, तेसुद्धा तीच. तो आरशात बघत "हं, हं" म्हणायचा.

प्रेमला श्रीगोंद्याच्या एका मास्तरांची मुलगी. बारीक चणीची, सावळी, डोळे मात्र असे की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. मला ती आवडायची नाही. माझी जागा घेतली म्हणून नाही. ते तर होतंच. तिला सगळं हवं होतं म्हणून. नवी नाटकं हवी होती, जुने पडदे फेकायचे होते, जाहिरातीत नाव हवं होतं, आणि ते नवऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात नको होतं. पण आमच्यासारख्या कंपनीत बाई मालक होत नसे. बाईचा नवरा मालक होत असे. म्हणून तिनं आपली सगळी हाव त्या माणसावर लावली. एवढ्या हुशार बाईनं एवढी वाईट निवड केली याचा मला आजही राग येतो. शामकांतचा मात्र राग यायचा नाही. त्याची किळस यायची.

काकासाहेब काही संत नव्हते, तेही सांगून टाकतो. मिशांना कलप लावायचे, साठी उलटली तरी तरुण राजाच्या भूमिका सोडायचे नाहीत, आणि पंगतीत पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडली नाही तर दिवसभर तोंड फुगवून बसायचे. पण पंचवीस माणसं त्यांच्या जिवावर दोन वेळा जेवत होती. दुखणाईताला त्यांनी कधी वाटेवर टाकलं नाही. नटाची मिजास मी वीस वर्षं सोसली ती या एका गोष्टीसाठी.

चव्वेचाळीस साल होतं. लढाई चालू होती, रॉकेल कुपनावर मिळत होतं, किल्ल्यात देशाचे पुढारी कैदेत होते, आणि आमचा मुक्काम नगरला होता. बिऱ्हाड माळीवाड्यात, नाटकगृह तिथून हाकेच्या अंतरावर. रात्री दिव्यांची भानगड नको म्हणून रविवारचा खेळ दुपारी लावायचो. हुकमी नाटक एकच, ‘राज्यतृष्णा’. गोष्ट साधी. महाराज आपल्या सेनापतीच्या किल्ल्यावर पाहुणे म्हणून येतात. सेनापतीची बायको नवऱ्याच्या मनात भरवते की झोपेतच त्यांचा गळा काप आणि तू राजा हो. तो कापतो, राजा होतो, आणि पुढे दोघांचाही सत्यानाश होतो. महाराज काकासाहेब, सेनापती शामकांत, बायको प्रेमला. नगरकरांना हे नाटक फार आवडायचं. दुसऱ्याच्या घरातला सत्यानाश कोणाला आवडत नाही?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच झालं. काकासाहेबांना भूमिका पाठ नव्हती, अंगवळणी पडली होती. तेच वाक्य समोरून आलं की त्याचं उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, हातपाय आपोआप हलायचे. डोकं त्या वेळी कुठं असायचं देव जाणे; बहुतेक संध्याकाळच्या जेवणात. पहिल्या अंकात दरबार भरलेला असतो, सेनापतीची बायको ओवाळायला येते आणि म्हणते, "महाराज, आपल्या पायधुळीनं हा किल्ला पावन झाला." मग महाराजांचं विजयाचं लांबलचक भाषण. दुसऱ्या अंकात शयनगृहात तीच बाई म्हणते, "महाराज, शय्या सिद्ध आहे." त्यावर महाराज मुकुट काढून तिच्या हाती देतात, कमरेची तलवार सोडतात, "बाई, शिणलो आम्ही. दिवे मालवा. तुमच्या घरात आम्हांला भीती कसली?" असं म्हणतात आणि पलंगावर आडवे होतात. पुढे सुरी.

शनिवारी सकाळी मी बिऱ्हाडाच्या गच्चीवर धोतर वाळत घालत होतो. पलीकडच्या कोपऱ्यात नवरा-बायको बसले होते. प्रेमला म्हणत होती, "महाराज, शय्या सिद्ध आहे," आणि शामकांत काकासाहेबांची वाक्यं म्हणत होता, "बाई, शिणलो आम्ही." मग ती म्हणाली, "आता तुम्ही. पुढं या. आणि घाई करू नका." तो छाती काढून पुढं आला आणि म्हणाला, "महाराज प्रवासानं शिणले आहेत! त्यांना आत न्या! आजचा दरबार आम्ही चालवू!" पुन्हा तेच. कधी ‘आजचा’वर जोर, कधी ‘आम्ही’वर.

मी म्हटलं, "शामकांत, हे वाक्य नाटकात नाही. नसलेलं कशाला घोकतोस? असलेली आधी पाठ कर."

तो गडबडला. उत्तर तिनं दिलं. "मामा, यांचा घसा बसलाय. मोकळा करतोय."

मला वाटलं, याच्या डोक्यात आता महाराजांची भूमिका भरली आहे. शामकांत स्वतःहून तालीम करतोय याचंच मला नवल वाटलं. मी बादली उचलून खाली आलो.

रविवारी नाटकगृह भरलं. पहिला अंक, दरबार. काकासाहेब सिंहासनासमोर उभे, डोक्यावर मखमली मुकुट. शामकांत शेजारी, तलवारीच्या मुठीवर हात. प्रेमला निरांजनाचं तबक घेऊन आली, मी शिकवलं होतं तसंच संथ चालत, ओवाळलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "महाराज, शय्या सिद्ध आहे."

पुस्तक माझ्या हातात होतं. क्षणभर मलाच वाटलं की आपण पानं जास्त उलटली. मी विंगेतून ओरडलो, "पायधुळीनं! पायधुळीनं!" पण काकासाहेबांच्या विंगेकडच्या कानाला ऐकू यायचं नाही. त्यांचे हात वर गेले, मुकुट निघाला आणि बाईच्या हाती द्यायचा म्हणून त्यांनी तो तबकात ठेवला, निरांजनावर. मखमल करपल्याचा वास विंगेपर्यंत आला. मग त्यांनी भर दरबारात तलवार सोडली आणि गहिवरून म्हणाले, "बाई, शिणलो आम्ही. दिवे मालवा." आणि आडवे व्हायला मागं वळले. पलंग असायला हवा होता तिथं मोकळ्या फळ्या होत्या. एवढा मोठा देह धपकन फळ्यांवर बसला.

 पिटात मागून कोणीतरी ओरडलं, "झोपा काकासाहेब, झोपा! आमीबी झोपतो!" आणि अख्खं नाटकगृह फुटलं. लोक बाकं बडवत होते. काकासाहेब खाली बसून पलंग शोधत होते. भानावर येणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, पण तोंडाला रंग असताना, शेकडो माणसांसमोर, जमिनीवर बसून भानावर येणारा तो एकच. त्यांचा चेहरा मला सहन झाला नाही.

तेवढ्यात शामकांत पुढं आला. घाई न करता. छाती काढून. "महाराज प्रवासानं शिणले आहेत! त्यांना आत न्या! आजचा दरबार आम्ही चालवू!"

टाळ्या पडल्या. हसणारीच माणसं टाळ्या देत होती. त्यांना काय, कोणीतरी उभं राहिलं म्हणजे झालं. शामकांतनं मान झुकवून टाळी घेतली. ‘आम्ही’वर जोर दिला होता. तालमीत तोच बरा वाटला असणार.

रंगपटात काकासाहेब आरशासमोर बसून स्वतःच रंग पुसत होते. कलप मिशांवरून ओघळून गालावर आला होता. म्हणाले, "रंगनाथ, माझं डोकं गेलं रे. कंपनी आता शामकांतकडे द्यावी म्हणतो."

झालं असतं तिथंच. त्या दोघांना हवं होतं ते तिथंच मिळालं असतं, कोणी एक शब्द विचारला नसता. पण मी प्रॉम्प्टर होतो आणि माझ्यादेखत चुकीचं वाक्य पुढं गेलं होतं. मी म्हटलं, "तुमचं डोकं जागेवर आहे. वाक्यच दुसऱ्या अंकातलं आलं."

"मुद्दाम?"

"ते ज्यानं केलं त्याला विचारा."

काकासाहेबांनी रंग पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मंगळवारी सकाळी सगळ्यांना बोलव. नारळ ठेव."

आमच्या कंपनीत दुसऱ्याचा प्रवेश मुद्दाम पाडणं हे सगळ्यांत मोठं पाप. चोरी माफ होती, दारू माफ होती, पळून गेलेला नट चार महिन्यांनी परत आला तरी पंगतीत घेत. हे माफ नव्हतं. रंगपटातल्या गणपतीसमोर नारळ ठेवायचा, सगळी कंपनी जमायची, आणि ज्यानं केलं असेल त्यानं पुढं येऊन नारळावर हात ठेवून सांगायचं. सांगितलं की त्या माणसानं या कंपनीत पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही. आणि तोच नारळ मालकानं फोडून पुढच्या खेळाला सुरुवात करायची. आमच्याकडे नारळ फोडतो तो मालक, दुसरी कसली खूण नव्हती.

सोमवारी दुपारी प्रेमला माझ्याकडे आली. मी सुपारी कातरत बसलो होतो. ती दारातच उभी राहिली.

"मामा, तुम्ही गच्चीवर ऐकलंत."

"ऐकलं."

"उद्या मी सांगणार आहे. मी एकटीनं केलं म्हणून. तुम्ही यांचं नाव घेऊ नका."

मी अडकित्ता खाली ठेवला. "तुझ्या तोंडाला पुन्हा रंग लागायचा नाही, कळतंय का तुला?"

"कळतंय. पण काकासाहेब आता उभे राहायचे नाहीत. कंपनी यांच्याकडेच येणार. मी श्रीगोंद्याला जाऊन राहीन वर्षभर. मालक झाल्यावर नियम कोण करणार? हेच ना? मग बोलावतील मला."

म्हणजे एवढं होऊनही हाव सुटली नव्हतीच. बाईनं आपल्या फाशीचासुद्धा हिशेब मांडला होता. मी म्हटलं, "आणि तो काय म्हणतो?"

"त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. त्यांना आधी माहीत असलं तर तिथं वाईट काम करतील." मग त्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. लाजच म्हणा. "शिवाय मला बघायचंय. मी नारळावर हात ठेवला की ते ‘नाही’ म्हणतील. ‘दोघांनी केलं’ म्हणतील. म्हणू देत एकदा. मग मी गप्प करीन त्यांना. पण एकदा म्हणतील."

"शामकांत?"

"मामा, नऊ वर्षं झाली लग्नाला. प्रत्येक वाक्य मी सांगितलं त्यांना. हे सांगणार नाही. हे त्यांचं त्यांना सुचू दे."

मला हसू आलं होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून ते गिळलं. ज्या माणसाला ‘पाणी द्या’ म्हणतानाही कुठं बघायचं ते सांगावं लागे, त्याच्याकडून ही बाई आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द फुकट मागत होती. कंपनी, जाहिरात, मोठ्या अक्षरातलं नाव, ते सगळं तिला हवं होतं; पण त्या दुपारी त्याहून जास्त तिला तो ‘नाही’ हवा होता. मी कबूल झालो. खरं सांगायचं तर शामकांतचं तोंड आपलं आपण उघडलं की त्यातून काय बाहेर पडतं, हे मलाही बघायचं होतं.

मंगळवारी सकाळी सगळे रंगपटात जमले. काकासाहेब खुर्चीवर, मिशा पांढऱ्या; कलप लावलाच नव्हता. गणपतीसमोर पाट, पाटावर नारळ. प्रेमला भिंतीशी उभी होती, साध्या लुगड्यात, केसांत फूल नाही. शामकांतनं मात्र दाढी करून धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी गच्चीवर होतो हे त्याला त्या क्षणी आठवलं असावं.

काकासाहेब म्हणाले, "मी कोणाला विचारणार नाही. ज्यानं केलं त्यानं पुढं यावं."

प्रेमला भिंतीपासून सुटली. एक पाऊल तिनं टाकलं असेल, दुसरं टाकायला पदर सावरला, आणि तेवढ्यात शामकांत धावला. चालला नाही, धावला. पाटाला त्याचा पाय लागला. नारळावर दोन्ही हात ठेवून तो ओरडला, "हिनं केलं! काकासाहेब, हिनं एकटीनं केलं! मला काही माहीत नव्हतं!"

आयुष्यात पहिल्यांदा न सांगता घेतलेलं त्याचं वाक्य ते.

 तोच बोलत राहिला. "पहिल्यापासून हिची नजर कंपनीवर. रोज माझे कान भरायची. मी म्हणायचो, अगं, काकासाहेब आपल्याला बापासारखे आहेत. पण ऐकेल तर ना! अशा बाईला माझ्या कंपनीत जागा नाही."

‘माझ्या’ म्हणाला. अजून नारळ फुटायचा होता.

काकासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते प्रेमलाकडे बघत होते. म्हणाले, "पोरी, खरं आहे हे?"

ती तिथंच उभी होती, पहिलं पाऊल टाकलेल्या जागी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. नवऱ्याकडे मात्र पाहिलं. तो अजून दोन्ही हातांनी नारळ धरून बसला होता, कोणी पळवेल म्हणून. मग ती पुढं आली. तिला हात ठेवायला जागा हवी होती, तर हा हात काढेना. शेवटी तिनंच त्याचा एक हात अलगद बाजूला केला, नारळावर आपला ठेवला आणि म्हणाली, "हो. मी एकटीनं केलं."

जे म्हणायला आली होती तेच म्हणाली. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. पण सोमवारी माझ्या दारात म्हणाली होती ते वाक्य वेगळं होतं, आणि हे वेगळं.

काकासाहेब हळूच म्हणाले, "एवढं चांगलं काम तू आजवर केलं नव्हतंस." त्यांना कळलं होतं. पन्नास वर्षं नाटकं केलेला माणूस, त्याला कळणार नाही? मग ते शामकांतकडे वळले. "खेळ उद्याचा लागलाय. तिकिटं गेली आहेत. पंचवीस माणसांनी जेवायला कुठं जायचं? घे. फोड."

चिडून, रडून, शिव्या देऊन कंपनी दिली असती तर शामकांतला थोडं तरी लागलं असतं. पडलेली चप्पल बाजूला सरकवावी तशी त्यांनी ती दिली. आणि या माणसाला तेवढंही कळलं नाही. त्याचा चेहरा उजळला. त्यानं नारळ उचलून दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, पाणी उडालं, त्याचा धुतलेला सदरा भिजला. कोणीतरी हसलं. मग तोही हसला.

मी त्याला सोडणार नव्हतो. पंगत उठल्यावर त्याला गच्चीवर गाठलं. खाली दारात सत्तारचा टांगा उभा होता, प्रेमलाची ट्रंक चढवणं चाललं होतं. माझा शब्द प्रेमलाला दिलेला होता आणि तो मी रंगपटात पाळला होता. आता पाळायचं काही उरलं नव्हतं. मला त्याला दुखवायचं होतं. काहीतरी असं सांगायचं होतं की त्याला रात्रभर झोप लागू नये.

मी म्हटलं, "शामकांत, ऐक. तुझी बायको काल माझ्याकडे आली होती. सगळा दोष ती स्वतःवर घेणार होती. तुझं नावही येऊ देणार नव्हती. तुला कंपनी मिळावी म्हणून. तू बोलला नसतास तरी ती तेच बोलणार होती. पाऊल उचललं होतं तिनं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. एवढं ऐकल्यावर दगडालासुद्धा काहीतरी होईल.

त्याच्या तोंडावरचा ताण गेला. त्यानं मोठा श्वास सोडला.

"म्हणजे ती तेच म्हणणार होती?"

"तेच."

"अरे मग बरंच झालं की! दोघांच्या मनात एकच!" तो हसला, मोकळा, गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा. "आणि मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. सकाळपासून घास गिळवत नव्हता मला. ती रागावली असेल, तोंड बघणार नाही माझं, असं वाटत होतं. थांब, तिला सांगून येतो."

आणि तो निघालाच. जिना धडाधडा उतरत गेला. मी कठड्यावरून खाली पाहिलं. प्रेमला टांग्यात बसली होती, ट्रंक पायाशी. शामकांत टांग्याच्या दांडीला धरून तिला आनंदानं काहीतरी सांगत होता, हातवारे करून. मी खाली गेलो. मला ऐकायचं होतं.

"… रंगनाथ म्हणाला आत्ता. आधी सांगायचं नाहीस होय! मी तेच बोललो जे तू बोलणार होतीस. मग बिघडलं कुठं? वर्षभर थांब, मी बोलावतोच तुला. नाहीतर सहा महिन्यांत."

प्रेमला त्याच्याकडे बघत होती. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर त्याचं काहीतरी शिल्लक आहे असं मी म्हटलं असतं. वाण्यानं चुकीची वस्तू बांधून दिली आणि घरी येऊन पुडी सोडल्यावर कळलं, तशी बघत होती. नऊ वर्षांनी पुडी सुटली होती.

"तुम्ही थांबायचं होतंत," ती म्हणाली.

मग सत्तारला म्हणाली, "चला."

सत्तार म्हणाला, "व्हय बाई, पर गाडीला लई येळ हाय अजून. ठेसनावर बसावं लागंल."

"बसते. चला तुम्ही."

टांगा वेशीकडे वळला. तिनं मागं पाहिलं नाही. शामकांत रस्त्यात उभा राहून हात हलवत होता, प्रवासाला निघालेल्या पाहुण्याला हलवावा तसा. टांगा दिसेनासा झाल्यावर तो माझ्याकडे वळला. सदऱ्यावरचं नारळाचं पाणी वाळून त्याचा डाग पडला होता. त्याचा तो देखणा चेहरा खरोखरच बुचकळ्यात पडला होता.

"थांबायचं होतं म्हणजे?" त्यानं मला विचारलं. "कशासाठी?"